पहिला नंबर कोण ठरवत होतं?

सुपरहिट मुकाबला, फिलिप्स टॉप टेन, बीपीएल ओये. नव्वदच्या दशकात टीव्हीवर हिंदी गाण्यांची क्रमवारी लावणाऱ्या या काउंटडाउन कार्यक्रमांची नावं निघाली की नाशिकमधली पंचेचाळिशीतली मंडळी आधी हळवी होतात आणि पाचच मिनिटांत भांडायला लागतात. अमुक गाणं सलग किती आठवडे पहिलं होतं, तमुक दुसऱ्यावर का अडकलं, यावरून. ज्या यादीवरून हे भांडण होतं ती तयार कशी व्हायची, हे मात्र तेव्हा आम्ही कुणी विचारलं नाही. ते शोधायचं तर टीव्हीच्या बरंच मागे, रेडिओपाशी जावं लागतं.

१९५२ मध्ये बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. मूळचे पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे कट्टर चाहते. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळपास हद्दपार झाली आणि ऐकणारा सरळ श्रीलंकेतल्या रेडिओ सिलोनकडे वळला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. सिलोनवरच्या इंग्रजी हिट परेडची ही हिंदी आवृत्ती. निवेदक अमीन सयानी, तेव्हा जेमतेम विशीतले. सुरुवातीला गाण्यांना क्रमांक नव्हतेच. सात गाणी लागायची, श्रोत्यांनी त्यांचा क्रम लावून पाठवायचा आणि बरोबर निघाला तर १०० रुपयांचं बक्षीस. पत्रांचा असा पूर आला की ती फोडायलाच माणसं पुरेनात. म्हणून स्पर्धा बंद करून १९५४ पासून ‘पायदान’, म्हणजे गाण्यांची पहिली-दुसरी अशी क्रमवारी, सुरू झालं. क्रम लागायचा तो तबकड्यांच्या विक्रीवर आणि गावोगावच्या श्रोता संघांच्या पसंतीवर. श्रोता संघ का, तर एखाद्या निर्मात्याने आपल्याच तबकड्या घाऊक उचलल्या तर नुसत्या विक्रीचा आकडा फसवा ठरायचा.

योगायोग असा की ब्रिटनमधली पहिली विक्री-यादीसुद्धा याच हिवाळ्यातली. १४ नोव्हेंबर १९५२ ला एका संगीत साप्ताहिकाने वीसेक दुकानांना फोन लावून ती छापली. दोन्हीकडची मोजणी कच्ची होती, पण होती. दुकानात कुणीतरी पैसे मोजले, कुणीतरी पत्र टाकलं, तेव्हा गाणं वर सरकलं.

टीव्ही आला तेव्हा हे सगळं बाजूला पडलं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. पुण्याला वर्षभरात सिंहगडावरच्या प्रक्षेपकाने चित्र मिळालं. नाशिक आणि मुंबईच्या मध्ये मात्र अख्खा सह्याद्री उभा. गच्चीवर उंच पाइप, त्यावर ॲन्टेना, खाली बूस्टर, आणि एवढं करूनही पडद्यावर मुंग्याच जास्त. १९८४ च्या सुमारास देशभर छोट्या प्रक्षेपकांचं जाळं पसरलं आणि लहान शहरांतही टीव्ही ही घरातली नेहमीची वस्तू झाली. ‘छायागीत’ आणि ‘चित्रहार’ची वाट आठवडाभर पाहिली जायची, पण त्यात नंबर कुठे होते? एखादं जुनं, एखादं नवं, मध्ये एक विरहाचं, अशी ताटात वाढल्यासारखी गाणी यायची. क्रमांकाची चटक बुधवारी रात्री आठला रेडिओच भागवायचा. गाणं दिसायचं एकीकडे आणि त्याची जागा कळायची दुसरीकडे, अशी दहा-बारा वर्षं गेली.

या दोन गोष्टी एकत्र आल्या त्या केबलवर. १९९१ मध्ये स्टारच्या वाहिन्या उपग्रहावरून उतरायला लागल्या, त्यांच्यात गाण्यांना वाहिलेला एमटीव्ही होता. २ ऑक्टोबर १९९२ ला झी सुरू झाला. दूरदर्शनने आपली दुसरी वाहिनी ‘मेट्रो’ म्हणून सजवली. ती मुळात चार महानगरांसाठी, म्हणजे नाशिकला मिळणार ती केबलवाल्याच्या कृपेने. सिडकोच्या बैठ्या घरांवरून, पंचवटीतल्या वाड्यांच्या कौलांवरून काळ्या तारा गेल्या. कायदा आला १९९५ मध्ये, तोवर केबलवाला हाच गल्लीचा नभोवाणी मंत्री. कुठली वाहिनी चालू ठेवायची, कुठल्या रात्री कुठला सिनेमा लावायचा, सगळं त्याच्या मर्जीवर. काउंटडाउन ऐन रंगात आलं असताना तार तुटली की अख्खी आळी त्याच्या दारात.

मेट्रोवर बाबा सेहगलचा ‘सुपरहिट मुकाबला’ गाजला. झीवर ‘फिलिप्स टॉप टेन’ आलं. सतीश कौशिक त्याचं लेखन आणि निवेदन दोन्ही करायचे, आणि दोन गाण्यांमधली प्रहसनं लोकांना गाण्यांइतकीच आवडायची. १९९४ मध्ये एमटीव्ही स्टारमधून बाहेर पडला, त्याच्या जागी चॅनेल व्ही आला. तिथल्या ‘बीपीएल ओये’ने रुबी भाटियाला घराघरांत पोचवलं. तिच्यासारखं हिंदी-इंग्रजीची सरमिसळ करत बोलायचा सराव कॉलेज रोडवर बरेच जण करत होते, आज कुणी कबूल करणार नाही. १९९६ मध्ये एमटीव्ही भारतासाठीची वेगळी वाहिनी घेऊन परतला. प्रायोजक बघा: आधी बिनाका टूथपेस्ट, मग फिलिप्स, मग बीपीएल. ज्या संचावर आपण यादी बघत होतो तो विकणारेच यादीचा खर्च उचलत होते.

आणि इथेच मोजणी सुटली. तबकडी गेली, कॅसेट आली. टी-सीरिजने ती इतकी स्वस्त केली की किराणा दुकानात, पानटपरीवरही मिळायला लागली. नकली कॅसेटींचा धंदा त्याहून जोरात. अशा बाजारातून दर आठवड्याला खरा आकडा कोण गोळा करणार? दुसरीकडे, सिनेमा लागण्याच्या दोन-तीन महिने आधी गाण्याची चित्रफीत वाहिन्यांकडे पोचवायची रीत पडली. ती फीत म्हणजे सिनेमाची जाहिरातच. म्हणजे गाणं टॉप टेनमध्ये आहे म्हणून वारंवार दिसतं, की वारंवार दिसतं म्हणून टॉप टेनमध्ये आहे, हे बघणाऱ्याला कळायचा मार्ग नव्हता. पत्रं जायची, नाही असं नाही. साधं पोस्टकार्ड १५ पैशांचं होतं. टीव्हीवरच्या स्पर्धांसाठी त्यांचे एवढे ढीग पडायला लागले की टपाल खात्याने २ रुपयांचं वेगळं स्पर्धा पोस्टकार्ड काढलं. पण पत्रांचं वजन किती आणि निर्मात्याच्या आग्रहाचं किती, हा हिशोब पडद्यावर कधी आला नाही. माझं मत विचाराल तर तो कार्यक्रम करणाऱ्यांनी फसवलं असं मी म्हणणार नाही. रेडिओवरचा पायदानाचा साचा त्यांनी उचलला, त्यात घालायला आकडेच उरले नव्हते.

नाशिकची खरी मोजणी मेन रोड आणि महात्मा गांधी रोडवरच्या कॅसेटच्या दुकानांत चालायची. तिथे गाणी भरून मिळत. काउंटरवर एक जाडजूड वही, सिनेमाचं नाव आणि त्यापुढे गाणी, तेलकट बोटांनी पानांचे कोपरे दुमडलेले. आपण साठ किंवा नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट घ्यायची आणि चिठ्ठीवर गाण्यांचे नंबर लिहून द्यायचे. साठमध्ये एका बाजूला सहा गाणी बसायची, सातवं कोंबलं तर ते अंतऱ्यातच तुटायचं. ‘दोन दिवसांनी या.’ शनिवारी टीव्हीवर जे वर चढलं ते सोमवारी चिठ्ठ्यांवर उतरायचं, पण सगळं नाही. काही गाणी पडद्यावर नंबर एक असायची आणि ती भरून घ्यायला कुणी यायचं नाही. दुकानदाराला हे तोंडपाठ असे. दुसरी कसोटी बँडवाल्यांची. नवं गाणं बसवायला त्यांचे तालमीचे दिवस जातात, त्यामुळे लग्नाच्या वरातीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत जे वाजायचं ते पारखूनच घेतलेलं असायचं. ज्यांना पैसे नको होते ते टेपरेकॉर्डर टीव्हीच्या स्पीकरला टेकवून ‘रेकॉर्ड’चं बटण दाबायचे आणि घरातल्यांना हातानेच गप्प करायचे. अशा कॅसेटींमध्ये गाण्यासोबत कुकरच्या शिट्ट्याही जपल्या गेल्या.

एक गोष्ट या आठवणींत सहसा येत नाही. आपण मराठी माणसं ज्या याद्यांसाठी हळवे होतो, त्यांत मराठी गाणं जवळजवळ नव्हतंच. अल्फा मराठी (आजची झी मराठी) १५ ऑगस्ट १९९९ ला आली, तोवर काउंटडाउनची भरती ओसरायला लागली होती. मराठी गाण्यांना वाहिलेली नाइन एक्स झकास तर २०११ मध्ये आली. तोवर लोक गाणं मोबाइलवर शोधायला लागले होते. मराठी गाण्याच्या वाट्याला टीव्हीवरचा नंबर आला तो त्याची किंमत उतरल्यावर. याची हळहळ मला हिंदी टॉप टेन गेल्यापेक्षा जास्त वाटते.

शेवट भराभर झाला. नोव्हेंबर २००३ मध्ये मेट्रो वाहिनी बंद होऊन तिच्या जागी डीडी न्यूज आलं. त्याच वर्षी एमटीव्हीने ‘रोडीज’ हा रिॲलिटी शो सुरू केला. २००४ मध्ये ‘इंडियन आयडॉल’ने लोकांना एसएमएसने मत द्यायला शिकवलं, पण मत गाण्याला नाही, गाणाऱ्या स्पर्धकाला. चॅनेल व्हीने २०१२ मध्ये गाणी थांबवून मालिका धरल्या आणि २०१८ मध्ये भारतातली ती वाहिनी मिटली. यूट्यूबला प्रत्येक गाणं किती वेळा बघितलं गेलं हे एकेक आकड्यासह माहीत असतं. तरी सगळ्यांसाठीचं सामायिक ‘ट्रेंडिंग’ पान त्यांनी जुलै २०२५ मध्ये काढून टाकलं. एका घरात चार मोबाइल आणि चार वेगवेगळी गाणी असताना एकच यादी कुणासाठी लावणार?

गीतमाला १९८९ मध्ये विविध भारतीवर आली आणि १९९४ पर्यंत चालली. तिच्या वार्षिक याद्या आजही मिळतात, कुठल्या वर्षी सरताज गीत, म्हणजे वर्षातलं पहिल्या नंबरचं गाणं, कोणतं ते पुराव्यानिशी सांगता येतं. टीव्हीवरच्या काउंटडाउनच्या आठवड्यागणिक याद्या तशा कुणी छापून ठेवल्या नाहीत. त्यामुळे १९९५ च्या दिवाळीत पहिल्या नंबरावर काय होतं यावर दोन नाशिककर आजही छातीठोकपणे दोन वेगळी गाणी सांगतात, आणि दोघांनाही खोटं पाडता येत नाही.