क्ष-किरण यंत्रातील उष्णता : एका जुन्या अडचणीची पार्श्वभूमी

सीटी स्कॅनसाठी ताटकळत बसलेल्या नातेवाइकांना ‘ट्यूब गरम झाली आहे, थोडे थांबा’ असे सांगितले जाते, तेव्हा ती टाळाटाळ वाटते. बहुतेक वेळा ती टाळाटाळ नसते. क्ष-किरणांसाठी ट्यूबमध्ये जी ऊर्जा ओतली जाते, तिच्यातील जेमतेम एक टक्का किरणांच्या रूपाने बाहेर पडतो आणि उरलेली सुमारे ९९ टक्के ऊर्जा उष्णता होऊन काही चौरस मिलिमीटरच्या ठिपक्यावर साचते. ८० किलोव्होल्ट आणि ५०० मिलिअँपिअर या मांडणीत ही शक्ती ४० किलोवॅट भरते. घरातील दोन किलोवॅटचे वीस गीझर करंगळीच्या नखाहून लहान जागेवर एकदम सुरू करावेत तसा हा प्रकार आहे, आणि एक्स्पोजर, म्हणजे किरण सोडण्याचा वेळ, सेकंदाच्या अंशापुरता असतो म्हणूनच तो निभावतो.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी वुर्झबुर्ग येथे विल्हेल्म रोंटगेन यांना हे किरण आढळले, तेव्हा इलेक्ट्रॉनांचा मारा नळीच्या काचेवरच होत होता. काचेवर जो भाग सर्वाधिक चमकतो तेथूनच किरण निघतात, हे रोंटगेन यांनी नोंदवले होते. तोच भाग तापतही होता, आणि काचेला फार उष्णता सोसत नाही. त्यामुळे प्रवाह बेताचा ठेवावा लागे आणि हाताच्या एका चित्रासाठी मिनिटेच्या मिनिटे जात. १८९६ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील हर्बर्ट जॅक्सन यांच्या नळीत अंतर्वक्र कॅथोडने (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या ऋण टोकाने) इलेक्ट्रॉनांचा झोत प्लॅटिनमच्या तुकड्यावर, म्हणजे लक्ष्यावर, एकवटला. चित्रे रेखीव झाली, पण झोत जितका बारीक तितकी उष्णता एकाच जागी, हा पेच तेव्हापासून मागे लागला आणि पुढे सुटला असे कधी झालेच नाही. प्लॅटिनम १,७६८ अंश सेल्सियसला वितळते. लक्ष्याला भोक पडून निकामी झालेल्या नळ्या त्या काळी नवलाच्या नव्हत्या. लक्ष्यामागे पाण्याची कुपी जोडलेल्या नळ्याही लवकरच निघाल्या.

खरा पालट घडवला तो टंगस्टनने. अमेरिकेत शेनेक्टडी येथे जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत विल्यम कूलिज यांनी दिव्यांच्या तारेसाठी हा ठिसूळ धातू लवचीक करून दाखवला होता. १९१३ मध्ये त्यांनी तापलेल्या फिलामेंटची आणि टंगस्टनच्या लक्ष्याची निर्वात ट्यूब मांडली. टंगस्टन सुमारे ३,४०० अंशांपर्यंत टिकते, त्यामुळे लक्ष्य लालबुंद झाले तरी चालत असे. मात्र ट्यूब थेट प्रत्यावर्ती, म्हणजे दिशा सतत उलटणाऱ्या, विजेवर चालवायची तर अ‍ॅनोड (लक्ष्य असलेले धन टोक) फार तापू देणे परवडत नव्हते, कारण तापलेला अ‍ॅनोड स्वतःच इलेक्ट्रॉन सोडू लागतो आणि उलट्या अर्धचक्रात ते फिलामेंटवर आदळतात. म्हणून पहिल्या महायुद्धाच्या काळातील फिरत्या यंत्रांसाठी कूलिज यांनी तांब्याचा जाड दांडा आणि त्याच्या बाहेरच्या टोकाला हवेत उष्णता सोडणाऱ्या धातूच्या चकत्या, अशी रचना केली. धातू नुसता टिकणे पुरेसे नाही, उष्णतेला बाहेर जायला वाटही हवी, हे या ट्यूबमध्ये स्पष्ट दिसते.

यानंतरची युक्ती साधी होती, पण अंमलात आणायला अवघड: लक्ष्यच फिरते ठेवायचे, म्हणजे झोत एका जागी असला तरी धातूचा प्रत्येक भाग त्याच्याखालून क्षणभरच जातो. फिलिप्स कंपनीच्या अल्बर्ट बाउवर्स यांनी १९२९ मध्ये ‘रोटॅलिक्स’ ही फिरत्या अ‍ॅनोडची ट्यूब प्रत्यक्षात आणली. अशा ट्यूबमध्ये मिनिटाला सुमारे तीन हजार फेरे घेणारी लक्ष्याची तबकडी निर्वातात असल्याने तिच्या बेअरिंगला नेहमीचे वंगण चालत नाही. तेथे चांदीसारख्या मऊ धातूचा लेप द्यावा लागतो. शिवाय बेअरिंग वाचवण्यासाठी तबकडीची उष्णता दांड्याकडे फारशी उतरू द्यायची नसते, म्हणजे वहनाची वाट आपणच अडवायची आणि बहुतांश भार प्रारणावर, म्हणजे किरणरूपाने उष्णता सोडण्यावर, टाकायचा. प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते, त्यामुळे धगधगती तबकडी झपाट्याने निवते आणि कोमट तबकडी रेंगाळते. थंड टंगस्टन ठिसूळ असते हेही विसरून चालत नाही. सकाळी पहिल्या रुग्णाआधी टेक्निशियन हलक्या एक्स्पोजरने ट्यूब ‘वॉर्म-अप’ करतो, ते थंड तबकडीवर एकदम पूर्ण भार पडून तिला तडा जाऊ नये म्हणून.

तबकडीतून निघालेली उष्णता काचेतून भोवतालच्या तेलात येते. ट्यूब तेलाने भरलेल्या बंद धातूच्या आवरणात ठेवण्याची पद्धत मुळात उच्च दाबाच्या विजेचा धक्का टाळण्यासाठी रुळली. तेच तेल उष्णताही वाहून नेते, हा दुहेरी लाभ. तेल तापून फुगले की आवरणातील भाता दाबला जातो, त्याने एक स्विच उघडतो आणि पुढचे एक्स्पोजर अडते.

साध्या एक्स-रेला ही व्यवस्था पुरेशी होती. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर रुग्णाचा पहिला सीटी स्कॅन झाला आणि गणित बदलले, कारण येथे ट्यूब क्षणभर नव्हे, मिनिटांच्या हिशेबाने चालू राहू लागली. १९८९ च्या सुमारास सर्पिल स्कॅन (रुग्ण सरकत असताना ट्यूब न थांबता त्याच्याभोवती फिरते तो) आला, तेव्हा मधल्या विश्रांतीही गेल्या. तोवर ट्यूबची थोरवी तिच्या साठवणुकीवर, म्हणजे किती लाख ‘हीट युनिट’ (ट्यूबमधील उष्णता मोजण्याचे एकक) मावतात यावर मोजली जाई, आणि तबकड्या ग्रॅफाइटची जोड घेऊन जाडजूड होत गेल्या. माझ्या मते हा रस्ता आडवळणाचा होता. द्रवरूप धातूच्या बेअरिंगमुळे तबकडीची उष्णता दांड्यातून थेट बाहेर काढता येऊ लागली. २००३ मध्ये सीमेन्सच्या ‘स्ट्रॅटॉन’मध्ये तर सगळी ट्यूबच तेलात फिरू लागली आणि अ‍ॅनोडची पाठ तेलाला भिडली. तिची साठवणूक दहा लाख हीट युनिटांहूनही कमी, पण मिनिटाला सुमारे ५० लाख युनिट बाहेर टाकण्याची ताकद. हौद मोठा करण्याऐवजी मोरी रुंद केली, इतकेच.

दरम्यान तापमानाचा प्रश्न ट्यूबपुरता उरला नाही. सीटीच्या डिटेक्टरचे, म्हणजे किरण टिपणाऱ्या भागाचे, तापमान जरा हलले तरी संकेत सरकतो आणि चित्रात वर्तुळे उमटू शकतात, म्हणून ते ठरावीक अंशावर राखले जातात. स्तनतपासणीच्या काही यंत्रांत किरण टिपणारा सेलेनियमचा थर अस्फटिक असतो; तो फार तापला तर स्फटिक बनू लागतो आणि पॅनेल कायमचे बिघडते. विदर्भातल्या उन्हाळ्यात अशा खोलीतला एसी रात्री, रुग्ण नसतानाही, चालू का असतो हे वीजबिल पाहणाऱ्यांना समजावून सांगावे लागते.