गोल्टीचा डोंगळा कोणी लावतं का?

मागच्या रविवारी आमच्या गळ टाकणाऱ्यांच्या ग्रुपवर एक फोटो आला. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला कोणीतरी मांडीएवढी मरळ काढलेली, दोन्ही हातांवर आडवी धरलेली, आणि खाली लिहिलेलं की बारकी सगळी परत सोडली, मोठी तेवढी ठेवली. झालं, सगळ्यांनी लाइकचे अंगठे टाकले. मी एकटाच म्हणालो की भाऊ, मोठी पण सोडायची होती, तर मला असं काही झापलं की विचारू नका. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

बारकी सोडणं चूक नाहीच. एकदा तरी अंडी घालायची संधी मिळण्याआधी मासा मारू नये हे बरोबरच आहे. पण 'मोठा झाला, त्याचं काम झालं, आता घेऊन जा' हा जो दुसरा भाग आपण गृहीत धरलाय ना, तिथे सगळा घोळ आहे.

आपण नाशिकचे लोक, कांद्याचं आपल्याला कोणी शिकवायला नको. डोंगळा लावायचा (म्हणजे बियाण्यासाठी कांदा परत जमिनीत लावायचा) तर शेतकरी चाळीतून कोणता कांदा बाजूला काढतो? भरलेला, निरोगी, एकसारखा, सगळ्यात चांगला. चांगला माल सगळा लासलगावला विकून आला आणि उरलेल्या गोल्टीचा, म्हणजे बारक्या कांद्याचा, डोंगळा केला, असा शेतकरी मी तरी पाहिला नाही. धरणावर मात्र आपण हेच करतो आणि वर फोटो टाकतो.

आता गणित. माशाची लांबी दुप्पट झाली की वजन दुप्पट नाही, साधारण आठपट होतं, कारण तो लांबी, रुंदी, जाडी तिन्हीकडून वाढतो (दोनाचा घन, शाळेत झालंय). मग अंडी किती व्हायला हवीत? सरळ हिशोबाने आठपटच. बरीच वर्षं मत्स्यशास्त्रातही बरेचदा असंच धरून चालत होते, की एक किलोच्या दहा माद्या आणि दहा किलोची एक मादी म्हणजे सारखंच. २०१८ साली तीनशेच्या वर जातींच्या समुद्री माशांची आकडेवारी तपासली तेव्हा कळलं की बहुतेक जातींत हे खोटं आहे. त्यातलं गाजलेलं उदाहरण अटलांटिक कॉडचं. ३० किलोची एक मादी जेवढी अंडी घालते तेवढ्यासाठी २ किलोच्या २८ माद्या लागतात. वजन १५ पट, अंडी २८ पट. घातांकात सांगायचं तर १५ चा १.२३ वा घात काढला की २८ येतात, म्हणजे घातांक एकाच्या वर आहे, आणि सगळी जादू त्या वरच्या ०.२३ मध्ये आहे. (ज्यांना लॉगॅरिदमची ॲलर्जी आहे त्यांनी एवढंच लक्षात ठेवा की मोठी मादी तिच्या वजनाच्या मानाने जास्त अंडी देते.) कारण साधं आहे, तरुण मासा खाल्लेलं बरंचसं स्वतःचं अंग वाढवण्यात घालवतो, मोठ्या मादीची वाढ मंदावलेली असते, तिचं खाणं अंड्यांकडे वळतं. शिवाय काही जातींत मोठ्या मादीच्या पिल्लांना शिदोरीही जास्त मिळते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ब्लॅक रॉकफिश नावाचा मासा आहे, त्यात म्हाताऱ्या माद्यांची पिल्लं तरुण माद्यांच्या पिल्लांपेक्षा तिप्पट वेगाने वाढली आणि उपाशी दुप्पट काळ टिकली.

पण मला खरं वेड लावलं ते दुसऱ्याच एका प्रयोगाने. २००२ साली अमेरिकेत कॉनोव्हर आणि मंच या दोन शास्त्रज्ञांनी सिल्व्हरसाइड नावाचे वीतभरसुद्धा नसलेले समुद्री मासे टाक्यांमध्ये वाढवले. दर पिढीला ९० टक्के मासे काढून टाकायचे. काही टाक्यांतून सगळ्यात मोठे काढायचे, काहींतून सगळ्यात बारके, काहींतून डोळे झाकून कुठलेही. उरलेल्या १० टक्क्यांपासून पुढची पिढी. खाणं तेच, पाणी तेच. पहिल्या वेळी मोठे काढलेल्या टाक्यांतून अर्थातच जास्त वजन निघालं. चारच पिढ्यांनी चित्र उलटं झालं, बारके काढलेल्या टाक्यांतला मासा मोठे काढलेल्या टाक्यांतल्या माशाच्या जवळपास दुप्पट वजनाचा! म्हणजे मोठे उचलून त्यांनी नुसते मासे कमी केले नव्हते, हळू वाढायचं बियाणं निवडलं होतं. डार्विनची नैसर्गिक निवड म्हणतात ती हीच, फक्त निवडणारा माणूस. पुढे त्यांनी ही निवड थांबवून आणखी पाच पिढ्या वाट पाहिली, मासे हळूहळू परत मोठे व्हायला लागले पण पूर्ण मूळ पदावर आलेच नाहीत. बिघडायला लागतो त्याच्यापेक्षा जास्त वेळ सुधारायला लागतो.

आता कोणीतरी म्हणेल की धरणात तर दरवर्षी बीज (माशांची पिल्लं) सोडतात, मग काय अडलं. बरोबर, पण ते रोहू, कटला, मृगळचं. हे मासे उभ्या पाण्यात विणत नाहीत, त्यांना पावसाळ्यातली वाहती, पूर आलेली नदी लागते. १९५७ साली ओडिशात हिरालाल चौधरी या शास्त्रज्ञांनी पियूषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन त्यांना तळ्यात विणायला लावलं, तेव्हापासून हॅचरीत जिरे (अगदी बारीक पिल्लं) आणि त्यांची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) करून धरणात सोडणं शक्य झालं. म्हणजे रोहू-कटला आपल्याकडे कांद्याच्या रोपासारखा, विकत आणा, लावा, काढा. मरळ, खवल्या, शिंगटा यांचं बीज मात्र सहसा कोणी आणून टाकत नाही, त्यांचं जे काय होईल ते त्यांच्या आयांवरच.

आणि मरळीचं तर आपण फारच वाईट करतो. पावसाळ्यात ती पाणगवतात घरटं करते, नर-मादी दोघं राखण करतात, पिल्लांचा तांबूस-केशरी पुंजका पृष्ठभागावर बुडबुडत फिरतो, खाली आईबाप. तो पुंजका दिसला की गळवाल्याला बरोबर कळतं कुठे टाकायचं, कारण पिल्लांजवळ काही आलं की ती भूक नसतानाही तुटून पडते. एक मरळ मिळते, पुंजक्याचा मात्र बाकीचे मासे आणि बगळे फडशा पाडतात. मीसुद्धा कॉलेजात असताना हे केलंय आणि मोठ्या कौतुकाने घरी नेलंय, उगाच साळसूदपणाचा आव आणत नाही.

एक भ्रम अजून, 'मासे कमी झालेत कुठे, मे महिन्यात तासाला चार लागतात.' अहो, मेमध्ये धरण आटतं! ऑक्टोबरात पसरलेले मासे एका खोलगट भागात गोळा होतात. आधीच्या निम्मेच उरले असले तरी दाटी तेवढीच वाटते आणि गळाला तेवढेच लागतात. गळ दाटी मोजतो, एकूण मासे मोजत नाही.

जाता जाता, राहूचा दोष जावा म्हणून नदीत मासे सोडणारे लोक. ग्रहाला याचं काही पडलेलं नसतं, आणि बाजारातून आणलेला मासा कधी बंदी असलेला आफ्रिकन मांगूर निघाला तर तो गोदावरीतल्या बाकीच्यांना खाऊन मोकळा. उलटं उदाहरणही सांगतो. महाडजवळ वाळणकोंड आहे, तिथल्या डोहातले महसीर देवीचे म्हणून कोणी धरत नाही. देवी कोपते का हे मला माहीत नाही, म्हणजे मला माहीत आहे, नाही कोपत, पण डोहात मोठाले मासे आहेत ही गोष्ट खरी.

मग करायचं काय? खालची मर्यादा आहे तशी वरचीही ठेवायची. अमुक लांबीच्या खालचा सोडा, तमुकच्या वरचाही सोडा, मधला न्या. जाळ्यात तर हे आणखी सोपं आहे. ज्या जाळ्यात मासा कल्ल्यांशी अडकतो त्यातून बारका आरपार जातो, आणि फार मोठ्याचं डोकंच आसात (जाळ्याच्या भोकात) शिरत नाही म्हणून तोही बरेचदा सुटतो. म्हणजे जाळ्याच्या आसावर खालची आणि वरची दोन्ही बंधनं घातली की मधलाच मासा जास्त करून येणार. आकडे मात्र अमेरिकेतले उचलायचे नाहीत, त्या त्या धरणातल्या माशांची लांबी-वजनं मोजून ठरवायचे, आणि ते मोजायला भोई-कोळी मंडळींना बरोबर घ्यायचं, त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. सोडताना हात ओले करून धरा, कोरड्या हाताने अंगावरचा चिकट थर निघतो. फोटोसाठी पाच मिनिटं उन्हात धरून मग सोडलेला मासा पुढे जगेलच असं नाही.

ग्रुपवर शेवटी एका दादांनी विचारलं, "मग खायचं काय आम्ही?" अहो, किलो-सव्वा किलोचा न्या की. तव्यात मावतो पण.