पर्पल कोनफ्लॉवर (बागेतील लागवड)

पर्पल कोनफ्लॉवर : सूर्यफुलाच्या कुलातील (ॲस्टरेसी) ही बहुवर्षायू ओषधी (मऊ खोडाची वनस्पती) मूळची उत्तर अमेरिकेच्या मध्य व पूर्व भागातली. तेथील प्रेअरी गवताळ प्रदेशांत आणि विरळ झाडीच्या कडेने ती आपोआप वाढते. शास्त्रीय नाव एकिनेशिया पुर्पुरिया. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५३ मध्ये तिला रुडबेकिया प्रजातीत (जीनस) घातले होते; वनस्पतिशास्त्रज्ञ मंख यांनी १७९४ मध्ये तिची वेगळी प्रजाती केली. ‘एकिनेशिया’ हे नाव हेजहॉग या काटेरी प्राण्याच्या ग्रीक नावावरून आले आहे. सुकलेल्या बोंडावर बोट फिरवले, की ते का पडले हे वेगळे सांगावे लागत नाही.

झाड ६० ते १२० सेंमी. उंच होते, पाने खरखरीत असतात. ज्याला आपण एक फूल म्हणतो तो खरे तर शेकडो पुष्पकांचा (चिमुकल्या फुलांचा) स्तबक म्हणजे गुच्छ असतो. बाहेरच्या गुलाबी-जांभळ्या ‘पाकळ्या’ म्हणजे किरण-पुष्पके. ती वांझ असतात, त्यांचे काम फक्त जाहिरातीचे. सगळा कारभार मधल्या शंकूवर चालतो. तेथील बिंब-पुष्पके एकदम उमलत नाहीत, कडेकडून शेंड्याकडे ओळीओळीने उमलतात. नीट पाहिले तर नारिंगी टोकांच्या ताठ तुसांमधून पिवळ्या परागांचे एक कडे दिसते, आणि ते रोज थोडे वर सरकते. बंबल बी (जाड, केसाळ मधमाशी) शंकूवर उतरली की त्या कड्यावरूनच गोल चालते आणि एकेका पुष्पकात सोंड घालत फेरी पुरी करते. एकाच स्तबकावर असे बरेच दिवस अन्न मिळत राहते. पाने कापून घरटी करणाऱ्या मधमाश्या, मोनार्क व स्वॅलोटेल फुलपाखरे आणि अधूनमधून हमिंगबर्डही येतात. सिल्व्हरी चेकरस्पॉट फुलपाखराच्या अळ्या या झाडाची पाने खातात. फुलपाखरे हवी असतील तर पानांना पडलेली भोके पाहून औषध फवारायला धावू नये.

लागवड अवघड नाही. दिवसाला किमान सहा तास ऊन आणि पाण्याचा निचरा होणारी जमीन एवढे असले की झाले. थंडीत मुळाशी पाणी साचले तर झाड कुजते. ते दुष्काळाने मरण्यापेक्षा या ओलीने जास्त वेळा मरते. खताचा हात आखडता ठेवावा, नाहीतर झाडे उंच आणि लुळी होऊन आडवी पडतात. दोन रोपांत ४५ ते ६० सेंमी. अंतर पुरते. बी शरद ऋतूत उघड्यावर पेरले तर हिवाळ्याची थंडी त्याला आपोआप मिळते. घरात पेरायचे असेल तर काही आठवडे ओलसर वाळूत मिसळून फ्रिजमध्ये ठेवल्यास उगवण एकसारखी होते. बियांपासून केलेली रोपे बहुधा दुसऱ्या वर्षी फुलतात. या प्रजातीच्या इतर जातींना सोटमूळ असते. हिची मुळे तंतुमय असल्याने रोप हलवणे किंवा गड्डा फोडून वाटणे तिला तुलनेने सोसते.

रोपे घेताना दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, त्यांना आंतरप्रवाही (झाडाच्या अंगात भिनणारे) कीटकनाशक दिलेले नाही ना. ते परागात व मधुरसात उतरते, आणि ज्यांच्यासाठी झाड लावले त्यांनाच विष मिळते. दुसरी गोष्ट वाणाची. दुहेरी फुलांच्या वाणांत शंकूच्या जागी पाकळ्यांचा गोंडा असतो. दिसायला झोकदार, पण मधमाशीच्या दृष्टीने ते शटर ओढलेले दुकान! अमेरिकेच्या डेलावेअर राज्यातील माउंट क्युबा सेंटर या वनस्पती उद्यानाने केलेल्या चाचण्यांतही एकेरी फुलांकडे कीटकांचा ओढा अधिक दिसला. ‘मॅग्नस’ हा १९९८ साली अमेरिकेत ‘वर्षाचे बहुवर्षायू झाड’ ठरलेला वाण एकेरीच आहे.

फूल हिरवे, वेडेवाकडे होऊन त्यातून पानांचे झुबके फुटू लागले तर तो ‘ॲस्टर यलोज’ हा फायटोप्लाझ्मामुळे (जिवाणूसारख्या सूक्ष्मजीवामुळे) होणारा रोग असू शकतो. तुडतुडे तो पसरवतात. त्यावर उपाय नाही. झाड मुळासकट उपटून टाकावे.

पक्ष्यांचा हंगाम पाकळ्या गळल्यावर सुरू होतो, आणि नेमक्या त्याच वेळी टापटिपीच्या हौसेने माळी कात्री घेऊन निघतो. सुरुवातीची काही फुले खुडली तर नवी फुले येत राहतात, त्याला हरकत नाही. उन्हाळा सरतानाची बोंडे मात्र झाडावरच राहू द्यावीत. अमेरिकन गोल्डफिंच हा पक्षी पिलांनाही मुख्यतः बियाच भरवतो. म्हणून त्याची वीण इतर बऱ्याच पक्ष्यांपेक्षा उशिरा, बिया तयार होण्याच्या सुमारास असते. तो वाकलेल्या दांड्यावर बसून तुसांतून एकेक कृत्स्नफळ (एकबीजी शुष्क फळ) ओढून काढतो. बर्फ पडल्यावर पांढऱ्या जमिनीवर बियांच्या भुशाचा सडा दिसतो. खाली सांडलेल्या बियांतून वसंतात नवी रोपे उगवतात. त्या सुमारास जुने दांडे छाटताना अगदी जमिनीलगत न कापता वीतभर-दीडवीत खुंट ठेवले, तर काही लहान एकांड्या (एकेकट्या राहणाऱ्या) मधमाश्या त्यांच्या गाभ्यात घरे करतात.