दंतकथेतील प्राणी आणि विज्ञानशिक्षण

लोकश्रुतीत किंवा बातम्यांत ‘दिसल्याचे’ सांगितले जाणारे, पण प्राणिशास्त्राने न स्वीकारलेले प्राणी घेऊन निरीक्षण, गृहीतक, पडताळा व पुराव्याचे वजन शिकविण्याची अध्यापनरीती. प्राणी खरा की खोटा हा निकाल येथे गौण असतो. सांगणाऱ्याच्या नजरेस काय पडले आणि त्याने त्याला काय नाव दिले, यांतील अंतर शोधणे हे मुख्य काम. हिमालयातील यती (हिममानव) व स्कॉटलंडमधील लॉक नेस सरोवराचा जलचर ही नेहमीची उदाहरणे. नाशिक परिसरात मात्र याहून जवळची सामग्री मिळते.

नाव निरीक्षणाच्या पुढे कसे धावते, हे यतीच्या बाबतीत स्पष्ट दिसते. १९२१ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट टेहळणी मोहिमेत चार्ल्स हॉवर्ड-बरी यांना बर्फात मोठे ठसे आढळले. ते लांडग्याचे असावेत, असे त्यांचे स्वतःचे मत होते. हमालांनी ते ‘मेतो-कांगमी’चे (‘कांगमी’ म्हणजे हिममानव) असल्याचे सांगितले. कलकत्त्याचे पत्रकार हेन्री न्यूमन यांनी ‘मेतो’चा अर्थ ‘घाणेरडा’ असा लावला आणि त्यातून किळसवाण्या हिममानवाचे नाव जगभर गेले. ‘मेतो’ म्हणजे ‘माणूस-अस्वल’ ही दुसरी व्युत्पत्ती अधिक ग्राह्य वाटते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय तपासणीत यतीचे म्हणून जपलेल्या ९ नमुन्यांपैकी ८ अस्वलांचे व १ कुत्र्याचा निघाला. व्युत्पत्ती यावरून सिद्ध होत नाही, पण तिच्याशी हे जुळते.

उलट बाजूचे, म्हणजे ‘नाहीसा झाला’ असे मानलेला प्राणी खरोखर सापडल्याचे उदाहरण खानदेशातले आहे आणि या अध्यापनरीतीत त्याला मिळते त्याहून मोठे स्थान मिळायला हवे. वनपिंगळा या लहान घुबडाचे वर्णन ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये केले. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा नमुना मिळाला नाही. ब्रिटिश लष्करी अधिकारी व नामांकित पक्षिसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन यांनी १९१४ मध्ये तापीकाठी मांडवी येथे एक पक्षी मिळविल्याची नोंद होती आणि नंतरच्या शोधमोहिमा तिच्यावर विसंबून राहिल्या. पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांत पेंढा भरून जपलेली पक्ष्यांची कातडी तपासली, तेव्हा हा नमुना दुसऱ्याच माणसाने तयार केलेला दिसला. एकोणिसाव्या शतकात खानदेशात पक्षी गोळा करणारे जेम्स डेव्हिडसन यांची पेंढा भरण्याची विशिष्ट पद्धत त्यात ओळखू आली. नमुना चोरून, पुन्हा शिवून, खोटी चिठ्ठी लावलेला होता. खोटी नोंद बाजूला ठेवून जुन्या खऱ्या नोंदींच्या ठिकाणी शोध घेतल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ पक्षी दिसला आणि त्याचे चित्रणही झाले. प्रतिष्ठित माणसाचा शब्द, चिठ्ठी, प्रत्यक्ष वस्तू व पुन्हा घेता येणारे निरीक्षण यांचे वजन सारखे नसते, हे विद्यार्थ्याला येथे एकाच गोष्टीत दिसते.

नाशिककडील लोकश्रुतींपैकी ‘चकवा’ वर्गासाठी सर्वांत सोयीचा. रानात रात्री चकवा लागला की माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो, असे सांगतात. संशोधक यान साउमान व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सूर्य-चंद्र झाकलेले असताना माणसे नकळत वर्तुळात चालल्याचे आढळले. डोळे बांधल्यावर काही वर्तुळे २० मीटर व्यासाइतकी लहान होती. शाळेच्या मैदानावर एका मुलाचे डोळे बांधून सरळ चालायला सांगावे आणि दुसऱ्याने मागून फक्की टाकत जावे, एवढ्यावर हा प्रयोग होतो. वळण नेहमी एकाच बाजूला येते का, हा पुढचा प्रश्न मुले स्वतःच विचारतात.

जुन्या वाड्यांच्या माळ्यावर राहणारे गव्हाणी घुबड, त्याचा बदामी आकाराचा पांढरा चेहरा व कर्कश चीत्कार, हडळीच्या कथांशी ताडून पाहता येतात. निफाड, सिन्नर, दिंडोरीकडे उसात बिबट्याचा वावर असल्याने ठशांचा अभ्यास तर कामाचाच: बिबट्याच्या ठशात सहसा नखे उमटत नाहीत, कुत्र्याच्या व तरसाच्या ठशात उमटतात. ओल्या मातीतला ठसा वाळताना कसा बदलतो, हे मुलांनी स्वतःच्या पावलांवरून मोजावे. बिबट्याच्या मागावर जाऊ नये. मांडुळाचे तोंड दर सहा महिन्यांनी बदलते, हा समज त्याच्या बोथट शेपटीमुळे झालेला असावा. हा साप गुप्तधनाच्या नादात पकडून विकला जातो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार तो संरक्षित असल्याने वर्गात केवळ छायाचित्र वापरावे.

पंचवटीचा सुवर्णमृग, टाकेदचा जटायू आणि पेठ-सुरगाण्याकडे पुजला जाणारा वाघदेव यांना या रीतीत आणू नये, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे. तेथे कोणी पाहिल्याचा दावा करीत नाही. ती कथा व श्रद्धा आहे. ‘काल रात्री मळ्यात दिसले’ हे विधान मात्र तपासता येते. साक्षीदाराला हसणे हा या पाठातील सर्वांत मोठा दोष होय. हसल्यावर तो पुढचे सांगत नाही, आणि प्रकाश किती होता, अंतर किती होते, प्राणी किती वेळ दिसला, हे विचारायचे राहून जाते.