सॅटेलाइटवरून जमिनीचा अल्बेडो मोजायची भानगड सुरू कुठून झाली

अल्बेडो म्हणजे जमिनीवर पडलेल्या उन्हातलं किती टक्के परत फिरतं ते. ताजा बर्फ ८० च्या वर, दाट जंगल १०-१५. वाटतं वरून फोटो काढला, उजेड मोजला, झालं काम. पण ऊन परत जातं सगळीकडे आणि सॅटेलाइटला दिसतं एकाच बाजूचं, गोची तिथेच आहे.

१९७२ मध्ये लँडसॅट-१ हा सॅटेलाइट वर गेला आणि त्याच्या फोटोत इजिप्तचं सिनाई आणि इस्रायलचं नेगेव या दोन वाळवंटांच्या मधली सीमा चक्क रेघ मारल्यासारखी दिसली, सिनाईकडे जनावरांनी झुडपं खाऊन संपवलेली त्यामुळे उघडी माती पांढरीफटक, नेगेवकडे गडद. संशोधक जोसेफ ऑटरमन यांनी १९७४ ला यावर लिहिलं. पुढच्याच वर्षी हवामानशास्त्रज्ञ ज्यूल चार्नींनी साहेलच्या (सहाराच्या दक्षिणेकडचा पट्टा) दुष्काळाबद्दल मांडलं की हिरवळ गेली की ऊन जास्त परत जातं, जमीन कमी तापते, हवा वर चढायच्या ऐवजी खाली बसते आणि पाऊस अजून घटतो. मॉडेलमध्ये त्यांनी अल्बेडो १४ वरून थेट ३५ टक्के केला होता. आयडिया भारीच, पण आकडा जरा ओढूनताणूनच वाटतो, आणि पुढे दुष्काळाचं मोठं कारण समुद्राचं तापमान निघालं. तरी खरा अल्बेडो मोजायला हवा हे मात्र पटलं.

मग नोआ या अमेरिकन हवामान संस्थेच्या सॅटेलाइटवरचा एव्हीएचआरआर हा सेन्सर वापरला. त्याच्या उजेड मोजणाऱ्या चॅनेलना वर गेल्यावर कॅलिब्रेशनच (आकडे बरोबर येतात का ते तपासायची सोय) नव्हतं, म्हणून फारसं न बदलणारं लिबियाचं वाळवंट बघून आकडे दुरुस्त करायचे! त्यात तेच शेत रोज वेगळ्या कोनातून दिसायचं. उसाच्या फडाकडे ऊन पाठीवर घेऊन बघा, सावल्या पानांमागे लपतात, फड उजळ दिसतो, समोरून ऊन असेल तर काळपट. आधी लोक याला कटकट समजायचे, नंतर लक्षात आलं की हा फरकच कामाचा आहे, त्यावरून बाकीच्या दिशांचा अंदाज बांधता येतो.

१९९९ च्या डिसेंबरात नासाचा टेरा सॅटेलाइट वर गेला, २००२ मध्ये अ‍ॅक्वा, दोघांवर मोडिस नावाचा सेन्सर. बोस्टन युनिव्हर्सिटीच्या अ‍ॅलन स्ट्रालर, क्रिस्टल शाफ वगैरे मंडळींनी १६ दिवसांची निरीक्षणं एकत्र करून ५०० मीटरच्या एकेका चौकोनाचा अल्बेडो काढायची पद्धत बसवली. पूर्ण हिशोबाला निदान सात तरी बिनढगाची निरीक्षणं लागतात, नाहीतर जुन्या माहितीवर भागवायचं. आता जुलैतल्या कोकणात १६ दिवसांत सात वेळा आभाळ मोकळं? विसरा. त्यामुळे आपल्याकडचे पावसाळ्यातले आकडे वापरताना सोबतचा क्वालिटी फ्लॅग (आकडा किती भरवशाचा ते सांगणारी खूण) बघूनच वापरायचे.