किल्टा

हेलसिंकी येथील अरेबिया कारखान्याने १९५३ मध्ये बाजारात आणलेली रोजच्या वापराची चिनी मातीची भांडी. रचनाकार काइ फ्रांक (१९११–१९८९). फिनिश भाषेत ‘किल्टा’ म्हणजे कारागिरांचा संघ.

दुसऱ्या महायुद्धात फिनलंडला कारेलियाचा मोठा भाग सोव्हिएत संघाला द्यावा लागला आणि तेथील सुमारे चार लाख लोकांना देशात इतरत्र सामावून घ्यावे लागले. नवी घरे लहान होती, स्वयंपाकघरे त्याहून लहान. पाहुण्यांसाठी राखून ठेवायचा, डझनांच्या हिशेबाने घ्यायचा नक्षीदार डिनर सेट अशा घरात ठेवायचा कुठे? १९४५ पासून अरेबियात काम करणाऱ्या फ्रांकने सेट ही कल्पनाच मोडीत काढली. किल्टाचे प्रत्येक भांडे सुटे मिळे. ज्याला चारच ताटल्या आणि एक वाडगा हवा, त्याने तेवढेच घ्यावे. एखादे फुटले, तर तेवढेच पुन्हा आणावे.

आकार वर्तुळ, चौकोन आणि शंकू यांतून घडवलेले. ताटलीचा रुंद सपाट काठ फ्रांकने काढून टाकला, त्यामुळे तेवढ्याच जागेत अन्नाला जास्त जागा मिळाली. भांडी एकावर एक नीट रचता येत. पदार्थ कालवायचा, वाढायचा आणि उरलेला झाकून ठेवायचा, ही कामे एकाच वाडग्यात होत. नक्षी अजिबात नाही. पांढरा, काळा, हिरवा, निळा, पिवळा असे एकरंगी लुकण (भांड्यावरचा काचेसारखा चकचकीत लेप), आणि रंगांची सरमिसळ घरच्यांनी हवी तशी करावी. साय-दुधाचा छोटा जग तर मुद्दाम अरुंद केलेला होता. फिनलंडमधील खिडक्यांना थंडीसाठी दुहेरी काचा असत. फ्रिज नसलेल्या घरात त्या दोन काचांमधल्या गार फटीत हा जग उभा राही. वापरणाऱ्याचे घर इतक्या बारकाईने पाहिलेले भांडे विरळाच.

फ्रांकला १९५५ मध्ये नॉर्डिक रचनाकारांसाठीचे लुनिंग पारितोषिक आणि १९५७ मध्ये इटलीचा ‘कोंपासो दोरो’ हा रचनाक्षेत्रातील सन्मान मिळाला. तरीही रोजची भांडी रचनाकाराच्या नावावर विकू नयेत, असे मत त्याने पुढे आग्रहाने मांडले.

किल्टाचे उत्पादन १९७० च्या दशकाच्या मध्यात थांबले. फ्रांकने तेच आकार थोडे बदलून स्टोनवेअर या जास्त तापमानाला भाजलेल्या, अधिक टणक मातीत आणले, आणि १९८१ पासून ती भांडी ‘तेमा’ या नावाने मिळू लागली. ओव्हन, मायक्रोवेव्ह आणि डिशवॉशर तिन्ही सोसणारी ही मालिका आज ईत्ताला या नाममुद्रेखाली विकली जाते.