वाक्संश्लेषणातील सुरावट

संगणकाकडून मजकुराचे उच्चारित भाषण तयार करून घेताना आवाजाची तारता (उंच-नीचपणा), तिचा पल्ला आणि वाक्यभर होणारा तिचा चढउतार ठरविण्याच्या प्रक्रियेस वाक्संश्लेषणातील सुरावट-नियोजन म्हणतात. तारतेचे भौतिक माप म्हणजे स्वरतंतूंची मूलभूत कंप्रता, म्हणजे त्यांची दर सेकंदाला होणारी कंपने; ती हर्ट्‌झमध्ये मोजतात. ती प्रौढ पुरुषांत साधारणतः ८५ ते १८० हर्ट्‌झ आणि स्त्रियांत १६५ ते २५५ हर्ट्‌झ असते.

बोलत्या यंत्राची तारता बदलण्याची सोय प्रथम कोणी केली, याविषयी मतभेद आहेत. फोन केम्पेलेन याचे अठराव्या शतकाअखेरचे यंत्र एकसुरी होते. योसेफ फाबर याच्या ‘युफोनिया’ या बोलत्या यंत्राने १८४६ च्या सुमारास लंडनमध्ये ब्रिटिश राष्ट्रगीत गायिल्याचे नोंदले गेले आहे, म्हणून काही लेखक आरंभाचा मान त्याला देतात. तथापि १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात मांडलेल्या ‘व्होडर’ या विद्युत्‌ वाक्‌यंत्रामध्ये ध्वनींसाठी कळा आणि तारतेसाठी पायाने चालवायची पट्टी अशी स्पष्ट विभागणी होती. आजच्या अर्थाने नियोजनाचा प्रारंभ येथून धरणे अधिक योग्य वाटते.

वर्णनाच्या पद्धतींत दोन पक्ष आहेत. स्वेन ओमान याच्या १९६० च्या दशकातील मांडणीवरून हिरोया फुजिसाकी याने विकसित केलेल्या प्रतिमानात वाक्यांशाचा हळूहळू उतरणारा मोठा वक्र आणि त्यावर बसणारे आघातांचे छोटे उंचवटे यांची लॉगरिथमी मापावर (ज्यात समान पटींचे बदल समान अंतराचे दिसतात) बेरीज होते. जॅनेट पियरहंबर्ट हिच्या १९८० च्या प्रबंधात मात्र सुरावट ही उच्च व नीच सुरांची मालिका मानली असून त्यांमधील रेषा नियमांनी भरली जाते. या दुसऱ्या मतावर आधारलेली ‘टोबी’ ही अंकनपद्धती १९९० च्या दशकात रूढ झाली. हिंदी व बंगाली यांवरील अभ्यासांत शब्दागणिक खालून वर जाणारा चढ नोंदला गेला आहे. अशा नियमित चढांना बेरजेची पद्धत सोयीची पडते. आयआयटी मुंबईतील संशोधकांनी मराठी वाक्यातील विवक्षित शब्दावरील जोराची ध्वनिलक्षणे मोजली असून तो अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला.

मराठीत खरी अडचण प्रश्नचिन्हापाशी येते. ‘तो आला का?’ आणि ‘तो का आला?’ या दोन्हींत शब्द तेच असले, तरी पहिल्यात जोर क्रियापदावर पडतो आणि दुसऱ्यात ‘का’ या शब्दावर. प्रश्नचिन्ह दिसताच शेवट चढविणारा सरधोपट नियम दुसरे वाक्य बिघडवतो. ‘तू येणार?’ यात तर ‘का’ही नसते, आणि प्रश्न केवळ शेवटच्या चढावरून कळतो. ‘मीच’ मधील ‘च’ हा निव्वळ प्रत्यय म्हणून वाचला, तर वाक्याचा रोखच हरवतो. याशिवाय घ, ध, भ या घोष महाप्राणांनंतर तारता किंचित खाली येते, तर अघोष व्यंजनांनंतर ती वर उचलली जाते. हे सूक्ष्म बदल गाळल्यास उच्चार गुळगुळीत पण निर्जीव होतो. मुंबईच्या लोकलमधील ‘पुढील स्टेशन दादर’ यासारख्या वाक्यात नाव शेवटी येते, म्हणून ते उतरत्या सुरात चालते. तेच ध्वनिमुद्रण स्थानकांच्या यादीच्या मध्ये जोडले, तर प्रत्येक नावापाशी वाक्य संपल्याचा भास होतो.

प्रत्यक्ष मांडणीसाठी वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियम या वेबची मानके ठरविणाऱ्या संस्थेने २००४ मध्ये ‘एसएसएमएल’ ही, मजकुरात उच्चाराच्या सूचना लिहिण्याची, खूणभाषा प्रमाणित केली. तीत तारता, पल्ला आणि आलेख (तारतेच्या चढउताराची रेषा) हे स्वतंत्र गुणधर्म असून मूल्ये हर्ट्‌झ, टक्के वा अर्धस्वरांत देता येतात. यांपैकी अर्धस्वर, म्हणजे संगीतातील सप्तकाच्या बारा समान भागांपैकी एक, हे माप श्रेयस्कर होय. २० हर्ट्‌झची वाढ १०० हर्ट्‌झच्या आवाजात सुमारे ३.२ अर्धस्वरांची, तर २०० हर्ट्‌झच्या आवाजात जेमतेम १.७ अर्धस्वरांची ठरते, त्यामुळे एकच आकडा दोन आवाजांना सारखा लागू पडत नाही. आलेखात वाक्यांशातील वेळेची टक्केवारी व तेथील बदल अशा जोड्या लिहितात, ‘तू येणार?’ साठी ७० टक्क्यांपर्यंत शून्य बदल आणि १०० टक्क्यांवर चार अर्धस्वरांची वाढ, अशी सुरुवात करता येते. अनेक यंत्रणा मात्र आलेख दुर्लक्षितात.

दृष्टिबाधितांच्या वापरातील ‘एनव्हीडीए’ या स्क्रीन रीडरमध्ये (पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या प्रणालीत) ‘ईस्पीक’ या संश्लेषित आवाजासाठी तारता आणि चढउतार यांच्या वेगळ्या सरकपट्ट्या आहेत. त्यातील कॅपिटल अक्षरांसाठीचा तारताबदल देवनागरीला गैरलागू आहे. चेतापेशीय प्रतिमानांपैकी (नमुन्यांवरून शिकणाऱ्या संगणकीय जाळ्यांपैकी) ‘फास्टस्पीच २’ (२०२०) तारतेचा अंदाज वेगळा काढते व तो बदलू देते. इतर बहुतेकांत सुरावट मूळ ध्वनिमुद्रणातून शिकली जाते, आणि केवळ बातम्यांच्या वाचनावर घडविलेल्या आवाजाला प्रश्नांचे नमुने अपुरे पडतात.